बरखास्तीचं गाऱ्हाणं

वाचनालयाच्या अध्यक्षपदाची निवडणूक माझ्या आतेबहिणीने जिंकली आणि मी हरले. सभेत मी तिला पेढा भरवला, फोटोत हसले आणि घरी येऊन मागीलदारी भांडी घासायला बसले. घासून झालेली कळशी मी परत हातात घेतली तेव्हा आई म्हणाली, "आता तिका भोक पाडतलंस काय?"

मला झालं ते दुःख नव्हतं. दुःख झालं असतं तर मी रडले असते. मला तिचा मत्सर वाटत होता. तो आजही वाटतो, म्हणून तो शब्द आधीच लिहून टाकते.

आमचं गाव मालवणपासून थोडं आत आहे. गावाच्या मध्यावर वाचनालय आहे, एक हॉल, चार कपाटं आणि पुढे ओटी. गावात दुसरा हॉल नसल्यामुळे लग्नाच्या बोलण्यांपासून पक्षांच्या बैठकांपर्यंत सगळं तिथेच होतं. अध्यक्ष आणि कार्यकारिणी सभासद निवडतात. त्यांच्या वर विश्वस्त आहेत. त्यांना कोणी निवडत नाही. ते असतात.

निवडणुकीच्या सभेत मी वाचन आणि लोकशाही या विषयावर बोलले. चांगलं बोलले. पाठ केलेलं एकही वाक्य चुकलं नाही. मग ती उठली आणि म्हणाली, "वाचनालय दुपारचां बंद असतां. बायकांक दुपारचोच येळ गावता. मी दुपारी उघडतलंय." आणि बसली. मला वाटलं, अजून काहीतरी बोलेल. लोकांना तसं वाटलं नाही.

ती माझ्याहून वर्षाने लहान आहे. बांद्याच्या एका दुकानात हिशेब बघायची, ते सोडून गावात आली. तिच्याकडे पदवी आहे, माझ्याकडेही आहे. पण माझ्याकडे पत्रकं होती.

माझे बाबा निवृत्त शिक्षक. तरुणपणापासून ते वर्षाला एक पत्रक काढतात, गुलाबी नाहीतर पिवळ्या पातळ कागदावर, पदरमोड करून, आणि गावच्या जत्रेत वाटतात. लोक घेतात. काहीजण वाचतात, बाकीच्यांना जत्रेतलं गोड खाजं बांधायला कागद होतो. लहानपणी पत्रकांना घडी घालायचं काम माझं. घडी घालताना मी वाचायचे. त्यामुळे परीच्या गोष्टींच्या आधी मला अनुच्छेद ३५६ माहीत झाला. राज्याचा कारभार संविधानाप्रमाणे चालणं अशक्य झालंय अशी राष्ट्रपतींची खात्री झाली, की दिल्ली ते सरकार काढू शकते. तसा अहवाल राज्यपाल पाठवतो आणि राज्यपाल नेमते दिल्लीच. घटना लिहिणाऱ्यांना आशा होती की हे कलम कागदावरच राहील. राहिलं नाही. केरळात लोकांनी निवडलेलं सरकार बहुमत असताना गेलं. आणीबाणीला हरवून आलेल्यांनी नऊ राज्यांची सरकारं एका फटक्यात काढली. मग हरलेले परत आले आणि त्यांनीही नऊ काढली, त्यात आपला महाराष्ट्रही होता. पुढे सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की बहुमत राजभवनात नाही, सभागृहात मोजायचं. तरीही डोंगरातल्या छोट्या राज्यांत परत तेच झालं आणि काढलेली सरकारं न्यायालयाला परत बसवावी लागली. मी बारावीत होते तेव्हा एका सकाळी मुंबईतली राष्ट्रपती राजवट लोक उठायच्या आत उठली आणि आमचा चहा होईपर्यंत शपथविधी होऊन गेला होता. बाबा फोनकडे बघत म्हणाले, "ह्यावर्साचां पत्रक झालां."

तेच पत्रक वाचून माझी आतेबहीण त्यांना म्हणाली होती, "मामानू, ह्यां वाचतासर जत्रा उठतली." आणि बाबा हसले. मनापासून हसले. मी घडी घालत होते. त्यांच्या पत्रकाला कोणी नावं ठेवली तर मी आठवडाभर त्या माणसाशी बोलायचे नाही, आणि ती समोर उभी राहून त्याच्या लांबीला नावं ठेवत होती आणि बाबांना आवडत होती.

अध्यक्ष झाल्यावर तिने दुपारी वाचनालय उघडलं. बायका आल्या. मग तिने स्कूटर काढली आणि तारकर्लीच्या घराघरांत गेली. तिथे राहायला येणारे पर्यटक वाचून झालेली पुस्तकं खोलीतच टाकून जातात. ती पुस्तकं घरमालक रद्दीत घालायचे. ती मागून आणायला लागली. वाचनालयात 'पावण्यांची पुस्तकं' असं एक कपाट झालं. कोण कुठला माणूस, सुट्टीवर येऊन काय वाचत होता, हे बघायला लोक गर्दी करायचे. मी तारकर्लीला शंभरदा गेले असेन. ती पुस्तकं मलाही दिसली होती. मला सुचलं नाही.

मग तिने एक निर्णय घेतला आणि तो तिला भोवला. हॉल आजपर्यंत एकाच पक्षाच्या बैठकांना मिळायचा. प्रमुख विश्वस्त त्याच पक्षाचे. तहसील कचेरीतून निवृत्त झालेले, गावात वजन असलेले, देवळात मान असलेले. तिने कार्यकारिणीत ठराव केला: हॉल मागेल त्या सगळ्यांना, नाहीतर कोणालाच नाही. मच्छीमारांची बैठक झाली, दुसऱ्या पक्षाचीही झाली.

काही आठवड्यांनी प्रमुख विश्वस्त आमच्याकडे आले. ओटीवर बसले.

"मास्तर खंय गेले?"

"रेडीक गेलेत, लग्नाक. काकानू, सरबत देव?"

"दी. नायतर नको. माका तुझ्याकडेच काम आसा." मग त्यांनी घसा साफ केला आणि ते कचेरीतल्या मराठीत शिरले. "हे जरा अधिकृत स्वरूपाचं आहे. कार्यकारिणीतले दोघे नोकरीसाठी गोव्याला गेले. त्यांचे राजीनामे आले. मागची बैठक गणसंख्येअभावी झाली नाही. घटनेप्रमाणे कारभार चालवणं अशक्य झालं आहे अशी विश्वस्तांची खात्री झालेली आहे."

शब्द ओळखीचे होते. त्यांना मी लहानपणापासून घड्या घातल्या होत्या.

"विश्वस्तांची म्हणजे कोणाची?"

"माझी."

"आणि बाकीच्यांची?"

"होतली," ते म्हणाले. "तर कार्यकारिणी बरखास्त करून प्रशासक नेमायचा आहे. मी तुझं नाव सुचवणार आहे."

मी ओटीच्या कडेला बसले. त्यांना ते आवडलं असावं. ते पुढे झुकले. "हे बघ गो. लोकांनी तुका निवडून दिल्यानी नाय, ती लोकांची चूक. चूक सुधारूक नको? तू शिकलेला चेडू, मास्तरांचा चेडू. तू बसलंस तर कोण राजकारण म्हणाचो नाय. फक्त अहवाल तू लिवन दी. तुझ्यासारखां गावात कोण लिवता?"

त्या क्षणी मला काय झालं ते सांगते. मला राग यायला हवा होता, आणि आधी आलं ते सुख. प्रशासक. माझं नाव आणि त्याखाली तो शब्द. तिने दुपारी उघडलेल्या दारात मी उभी. पावण्यांच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे. तिने काय केलं असतं? स्कूटर घेऊन बांद्याला परत गेली असती. मी "विचार करून सांगतंय" म्हटलं. ते गेल्यावर मला कळलं की दिल्लीत बसलेल्या माणसांना काय होत असेल. मी आजवर समजत होते की ती माणसं सत्तेला हपापलेली असतात. तसं नसेलही. त्यांना कदाचित एवढंच सहन होत नसेल की लोकांनी दुसऱ्या कोणाला तरी बोलावलं.

बाबा रेडीहून आले तेव्हा मी वाचनालयाची घटना घेऊन बसले होते. विश्वस्तांना बरखास्तीचा अधिकार देणारं कलम त्यात होतं. 'खात्री झाल्यास' हे शब्दही होते.

"बाबा, ह्यां कोणी लिवलां?"

त्यांनी चष्मा लावून बघितलं. "मीच."

"तुम्ही? तिनशेछप्पन्नार पत्रकां काढतास आणि हयसर तांच लिवलास?"

"आगो, घटना लिवक बसलंय तेवा वाटलां, उद्या कोण कपाटांच विकूक लागलो तर? काय तरी हाताशी असांदे."

"दिल्लीवाल्यांकय तसांच वाटलां असतलां."

त्यांनी वाकून पायातल्या चपला काढल्या. मग म्हणाले, "आणीबाणी गेल्यार नऊ सरकारां काढल्यानी, तेवा मी शाळेत शिकी होतंय. आम्ही पेढे वाटले. काढणारे आमचे होते ना. आमची काढल्यानी तेवा मी पयलां पत्रक लिवलंय."

प्रशासकपदाचं मी त्यांना सांगितलं; मी काय उत्तर देणार आहे, हे त्यांनी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी मी अहवाल लिहायला बसले, फक्त बघायला की तो कसा होईल. इतकं सोपं लिखाण मी कधी केलं नव्हतं. वाक्य वाक्याला हात देत होतं. गोव्याला गेलेले दोघे, न झालेली बैठक, हॉलमध्ये वाढलेलं राजकारण. एकही गोष्ट खोटी नव्हती. वाचून बघितलं आणि मला स्वतःचीच भीती वाटली. कागद चुलीत घातला आणि प्रमुख विश्वस्तांकडे जाऊन सांगितलं, "काकानू, मी लिवणार नाय. ती अध्यक्ष आसा काय नाय, तां सभेत मोजा."

ते रागावतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "बरां. सभा घेवया."

आता आमच्याकडची एक पद्धत सांगायला हवी. आमच्या गावात कोणतंही काम गाऱ्हाण्याशिवाय सुरू होत नाही. नारळ आणि विडा ठेवायचा, एका मानाच्या माणसाने उभं राहून ग्रामदेवाला मोठ्याने सांगणं घालायचं, आणि त्याच्या प्रत्येक वाक्याला जमलेल्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. लग्न असो, विहीर खणणं असो, पतसंस्थेची सभा असो. आपण काय म्हणतोय हे कोणी ऐकत नाही. सांगणारा थांबला की तोंड आपोआप उघडतं. मध्येच कोणी बोलत नाही, आणि देवासमोर दिलेला होकार कोणी मागे घेत नाही.

सभेला हॉल भरला होता. माझी आतेबहीण पुढच्या खुर्चीत बसली होती, मांडीवर जमाखर्चाची फाईल. आपल्याला काढायचं चाललंय हे तिला माहीत होतं. ती उत्तराची तयारी करून आली होती. मी तिच्या समोरच्या बाजूला, भिंतीला टेकून उभी होते. प्रमुख विश्वस्त नारळ ठेवून उभे राहिले आणि हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, बारा गावच्या, बारा वहिवाटीच्या म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"आज ही तुझी लेकरां तुझ्या पायाकडे जमली हत."

"व्हय म्हाराजा."

"जां काय उणां-अधिक असात तां पोटात घाल, आणि सगळ्यांक राजीखुशी ठेव रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

मी ते म्हणत नव्हते. त्यात श्रद्धेचा किंवा तत्त्वाचा काही भाग नव्हता. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. आज ती पडली तर तिचं तोंड कसं होईल, तेवढंच मला बघायचं होतं. डोळे मिटून, हात जोडून ती इतरांसारखी सुरात म्हणत होती, आणि त्यातही ती चांगली दिसत होती.

"ह्या वाचनालयाच्या कारभाराक जी आडकाठी इली हा, ती दूर कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"आणि ही कमिटी बरखास्त करून, कारभार विश्वस्तांच्या हाती देवन, तो नीट चलांदे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळा हॉल म्हणाला. ती पण म्हणाली. मी तिचे ओठ हलताना बघितले.

प्रमुख विश्वस्तांनी हात सोडले आणि कचेरीतल्या मराठीत म्हणाले, "कार्यकारिणी बरखास्तीचा ठराव एकमताने संमत झाला आहे. खुद्द अध्यक्षांनीही अनुमोदन दिलं आहे. आभार."

आधी कोणाला कळलंच नाही. मग मागून एकजण हसला. मग हसू थांबलं. माझ्या शेजारची म्हातारी पुटपुटली, "शब्द दिलो मा देवाक." माझी आतेबहीण उभी राहिली, फाईल उघडली आणि मिटली. तिचा देवावर विश्वास आहे. तिने होकार दिला होता.

हेच मला बघायचं होतं. मी बघितलं. तिचं तोंड एखाद्या लहान मुलासारखं झालं होतं. मला त्यात जे सुख मिळेल असं वाटलं होतं ते मिळालं नाही, कारण तिला हरवलं ते मी नव्हते आणि लोकांनीही नव्हतं. एका माणसाने सगळ्यांच्या तोंडून त्यांची सवय काढून घेतली होती आणि त्या सवयीला तो मत म्हणत होता.

मी म्हटलं, "एकमत नाय झालां. मी व्हय म्हटलंय नाय."

प्रमुख विश्वस्तांनी माझ्याकडे वळून बघितलं. "गाऱ्हाण्यात मधी बोलतंस?"

"गाऱ्हाणां संपलां, काकानू. आता तुम्ही ठराव म्हणालास, म्हणान बोलतंय. देवाक सांगलास, सभेक नाय. सभेपुढे मांडा आणि हात मोजा."

"गावान देवापुढे शब्द दिल्यान. तो मोडूचो?"

३५६ वरचा सगळा इतिहास मला पाठ होता आणि त्यात गाऱ्हाण्याबद्दल एक ओळ नव्हती. तेव्हा मागच्या रांगेतून बाबा उठले. बाबांनी आयुष्यात कधी गाऱ्हाणं घातलेलं नाही. देवळात ते बाहेर कट्ट्यावर बसतात. ते पुढे आले, नारळासमोर उभे राहिले आणि त्यांना हात कसे जोडायचे तेही धड जमेना.

"बा म्हाराजा," ते वर्गात हजेरी घेतल्यासारखे म्हणाले.

लोकांनी एकमेकांकडे बघितलं. मग दोन-चार जणांनी म्हटलं, "व्हय म्हाराजा."

"ह्या वाचनालयाची घटना मी लिवलंय. तेच्यात चूक माझी आसा, ती पदरात घे."

"व्हय म्हाराजा."

"तुझ्या लेकरांच्या तोंडातसून जो शब्द न समाजता गेलो, तेतूरसून तेंका मोकळी कर, आणि आता हात वर करून जां काय वाटता तां सांगांदे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," हॉल इतक्या जोरात म्हणाला की ओटीवरचं कुत्रं उठून गेलं.

प्रमुख विश्वस्त बसून राहिले. देवाच्या नावाने बांधलेलं देवाच्या नावानेच सुटलं होतं आणि त्यांना त्यावर हरकत घेता येत नव्हती. हात मोजले. बरखास्तीच्या बाजूने त्यांच्या घरचे आणि पक्षाचे थोडे हात आले. तिच्या बाजूने बाकीचा हॉल. मीही हात वर केला. जड गेला, पण केला. तिच्याकडे न बघता केला.

मग ती उभी राहिली. ती आता काय बोलेल ते मी मनातल्या मनात आधीच लिहून ठेवलं होतं: निवडून आलेल्याला घालवायचा हक्क निवडणाऱ्याचाच, हे गावापासून दिल्लीपर्यंत खरं आहे, वगैरे. मी तिच्या जागी असते तर लोक उठून उभे राहिले असते.

ती म्हणाली, "बरां. पुढचो विषय. मधल्या कपाटाक वाळवी लागली हा." आणि लोक वाळवीवर बोलायला लागले.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघी ते कपाट रिकामं करत होतो. ओटीवर पुस्तकं उन्हात मांडली होती. ती एकेक पुस्तक आपटून धूळ काढत होती. मध्येच म्हणाली, "तां कलम पुढच्या सभेत काढून टाकूया. कित्याक काढतो तां तू लिवन दी. एका पानात हां. चार नकोत."

"बघतंय."

"आणि काय गो, काल तू व्हय कशी म्हटलंस नाय? तू तर देव बीव काय मानणस नाय, तरीपण दरवर्सा म्हणतंस. मी आयकलंय तुका."

मी खोटं सांगू शकले असते. तत्त्वं सांगू शकले असते, माझ्याकडे भरपूर होती. "तुझां तोंड बघी होतंय," मी म्हटलं. "तू पडल्यार कसां होतां तां."

तिने हातातलं पुस्तक खाली ठेवलं. मला वाटलं, आता ही बोलायची बंद होणार. तिने दुसरं उचललं, आपटलं, पानांतली वाळवी फुंकरून उडवली.

"बरां झालां," ती म्हणाली. "नायतर तू पण व्हय म्हणान मोकळी झाली असतंस."